निशाणी

एकतीस वर्षं सरकारने मला
भोकं तपासायचा पगार दिला.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तिकिटांच्या तावावर
एक भोक जरी रांग सोडून पडलं
तरी अख्खा ताव बाद.
सही करायची, तारीख टाकायची.
बाद तावांचीही मोजदाद असायची,
काहीच असंच जात नसे.

निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी, जेलरोडला,
गिरणीतून दळण घेऊन येताना
बंद दिव्याच्या खांबाखाली
मी महानगरपालिकेत पडले.
म्हणजे चेंबरात. पण माझी नात तसंच सांगते सगळ्यांना
आणि तिचं फारसं चुकत नाही.

मांडीचं हाड. एक पट्टी, सहा स्क्रू.
पाच किलो बाजरीचं पीठ खाली वाहून गेलं,
ते दाव्यात नाही.
बोरस्ते वकील म्हणाल्या, काकू, बाजरी राहू द्या, हसतील.
मला अजून वाटतं,
लिहायला हवी होती.

आधी नोटीस द्यायची. मग महिनाभर थांबायचं,
त्यांना विचार करता यावा म्हणून.
त्यांनी विचार केला आणि कळवलं:
खोदकाम केबलवाल्यांचं,
दिवा वीज कंपनीचा,
रस्ता मागच्या सिंहस्थाच्या घाईतला,
आमचं असलंच तर फक्त झाकण,
आणि झाकण तर तिथे नव्हतंच.

दाव्याला तिकीट लावताना
मी सवयीने त्याची कड बोटाने चाचपली.
भोकं सरळ होती.
आमच्याच कुणीतरी पाहिलं असणार.

सीबीएसला उतरताना आधी वॉकर, मग मी.
साहेब रजेवर. पुढची तारीख.
त्यांचे वकील हायकोर्टात. पुढची तारीख.
बाकावर बसून बसून मला
शिपायाच्या मुलीचं लग्न ठरल्याचंही कळलं
आणि मोडल्याचंही.

मग एकदा उलटतपासणी.
"प्रेसमध्ये आपण काय काम करत होता?"
"भोकं बघायचे."
मागच्या बाकावर हसले.
"म्हणजे मिलिमीटरचं दिसायचं,
आणि दोन फुटांचं दिसलं नाही?"
"तिथे उजेड होता, साहेब."
टायपिस्टचा हात थांबला: हे घेऊ का?
न्यायाधीश बाई मान वर न करता म्हणाल्या,
घ्या.

त्यांनी एक फोटो दाखल केला.
तोच चेंबर, त्यात उभी खोचलेली फांदी,
फांदीला लाल कापड.
झाकण नसले तरी इशारा होता,
प्रतिवादीने वाजवी काळजी घेतली होती,
वादीने खाली बघून चालायला हवे होते.
फोटोवर शिक्का पडला: निशाणी सत्तावीस.
मी ती फांदी कधी पाहिलीच नव्हती.
क्षणभर मलाच वाटलं, असेल बाई,
आपणच आंधळ्या.

मुश्ताकची पंक्चरची टपरी समोरच.
आधी तीनदा टपरी बंद ठेवून आला आणि तसाच परत गेला,
चौथ्यांदा पिंजऱ्यात उभा राहिला,
नखांत ग्रीस.
"फांदी माझी. लिंबाची. टपरीमागे झाड आहे.
कपडा माझ्या पोरीचा, फ्रॉक.
बघा ना, बाहीला बटण दिसतंय."
"केव्हा लावली?"
"काकूंना वर काढल्यावर.
रात्रभर गाड्या येतात तिथून."
"कुणाच्या सांगण्यावरून?"
त्याला प्रश्नच कळला नाही.
पुन्हा विचारला, तर म्हणाला,
"सांगायला कोण येणार होतं?"

न्यायाधीश बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.
बराच वेळ बटण शोधत होत्या.
मग पुढची तारीख दिली.

झाकण आता बसलंय. आठ महिन्यांनी बसलं,
किंचित तिरपं, रिक्षा गेली की वाजतं.
मी त्याला वळसा घालते.
फांदी मुश्ताकच्या टपरीत टायरांमागे उभी आहे,
पानं गळालेली, फ्रॉक उन्हाने गुलाबी पडलेला.
टाकून दे आता, म्हटलं.
ट्यूब पाण्यात दाबून तो बुडबुडा शोधत होता.
"असू द्या, काकू.
बिटकोकडे एक उघडं आहे."